इकडं आणणारी पॉलिसी

अमिरातीतल्या अल ऐनच्या ऑगस्टात गाडीची काच खाली करायला लावणारी एकच बाई मला आयुष्यात भेटली. बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतोय, गाडी आत्ता कुठं जरा गार झालीय, आणि शेजारच्या सीटवरून हुकूम येतो, "काच खाली कर गो बाय." सुरुवातीला मी भांडून बघितलं. "अहो खाला, एसी सगळा बाहेर जातोय!" खाला ओढणी डोक्यावरून पुढं घेत म्हणायच्या, "जाऊ दे. त्यांच्याकडं कुठं एसी हाय?"

'त्यांच्याकडं' म्हणजे निसारच्या अब्बांकडं. खालांच्या नवऱ्याकडं. आमच्याकडून बाजारात जाताना उजव्या हाताला एक लांबलचक मातकट भिंत लागते. तिच्या पलीकडं कबरस्तान, आणि त्यात कुठंतरी ते. भिंत आली की मी गाडी कडेला घ्यायची. खाला बाहेर तोंड करून सलाम करायच्या आणि मग आठवड्याच्या बातम्या सुरू. निसारची बढती पुन्हा लांबली. गावाला आंब्याचा मोहर गळला. सुरमई एवढी महाग झालीय की नुसता वास घ्यावा नि घरी यावं. मागं बसलेली नात, आयशा, कानातला हेडफोन काढून विचारायची, "दादी, हू आर यू टॉकिंग टू?" खाला मागं न बघता म्हणायच्या, "तुझ्या दादांशी. गणितात किती पडले तेच सांगतंय, गप बस."

आमची ओळख शेजाराची. मी मूळची कराडकडची, इथल्या एका भारतीय शाळेत हिंदी शिकवते. खाला रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. मुलगा निसार एका मेंटेनन्स कंपनीत मॅनेजर, त्याच्या व्हिसावर त्या इथं राहायच्या. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी सांदणांची ताटली घेऊन दारात उभ्या. "मी समोरची. मराठी ऐकली नि आले." मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला त्यांनीच शिकवलं आणि मला त्या कायम मास्तरीण म्हणाल्या. शुक्रवारी शाळा लवकर सुटते, म्हणून शुक्रवारचा बाजार आमचा दोघींचा ठरला. खरं सांगायचं तर बाजार निमित्त होतं. भाजी बिल्डिंगखालीही मिळते.

त्या आत कधीच गेल्या नाहीत. "आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नाय," एवढंच म्हणायच्या, आणि गाव सोडून इतकी वर्षं झाली तरी तो नियम त्यांनी मोडला नाही. निसारभाई आत जाऊन आले होते. पण जुन्या भागात नुसते दगड, त्यावर ना नाव ना गाव, मागच्या भिंतीकडं कुठंतरी असतील असं सांगितलं गेलेलं. मी एकदा आगाऊपणानं विचारलं, "खाला, एवढ्या लोकांत तुमचा सलाम बरोबर त्यांनाच कसा पोचणार?" त्यावर म्हणाल्या, "सगळ्यांनाच करतंय. ज्याचा त्याला पोचतो. उरलेल्यांना फुकट."

निसारच्या अब्बांचा संसार म्हणजे दोन वर्षांतून दोन महिने. बाकी सगळं कॅसेटवर. आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, गल्फमधली माणसं तेव्हा पत्रांऐवजी कॅसेट भरून पाठवायची. गावाकडं जाणारा कुणी भेटला की त्याच्या बॅगेत कॅसेट. ती आली की टेप ओट्यावर ठेवायचा, आणि सासू, सासरे, नणंदा, शेजारी असा सगळा दरबार भरायचा. खाला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "एवढ्या माणसांत ते मला काय सांगणार गो? आईला सांगायचे, बहिणींना सांगायचे, म्हशीची पण चौकशी करायचे. मग मधेच खोकायचे. तो खोकला माझा." सांगताना सत्तरीच्या खाला अशा लाजल्या की मला हसूच फुटलं. मी चिडवलं, "आणि खरंच खोकला झालेला असेल तर?" "झालेला असेल तरी माझाच," त्या म्हणाल्या. कॅसेटच्या शेवटी मात्र सगळ्यांसाठी ठरलेलं एकच वाक्य असायचं. येतो हां, पुढच्या ईदला, इन्शाल्ला.

मग एक दिवस ते कामावरच छातीत कळ येऊन गेले. त्यांच्यात मयत ठेवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर बरोबरच्या माणसांनी माती दिली, आणि गावात खबर पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. खालांना तर आधी 'तब्येत बरी नाय' एवढंच सांगितलं. त्या नमाजावर बसून दुवा मागत राहिल्या, आणि घरातल्या बाकी सगळ्यांना ठाऊक होतं की दुवा आता कसली मागायची. खरं कळल्यानंतर काही दिवसांनी गावातला एक माणूस सुट्टीवर आला आणि त्याच्या बॅगेतून कॅसेट निघाली. आधीच भरून ठेवलेली. सासू नको नको म्हणत होती, पण खालांनी लावली. "वाजत होती तवर ते होते," त्या म्हणाल्या. "म्हणून मी उलटसुलट करून लावतच रायले. शेवटी टेपनं खाल्ली." हे त्यांनी मला भिंतीपाशी, काच खाली करूनच सांगितलं होतं, आणि त्यानंतर बाजार करायला मला काही सुचेना.

पुढं निसार मोठा झाला, बाप होता त्याच देशात नोकरीला लागला, आणि नशीब बघा, याच अल ऐनमध्ये. त्यानं आईला बोलावून घेतलं. विमानतळावरून घरी येताना खालांनी पहिला प्रश्न विचारला, तो भिंतीचा. तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट. आपली मातीही इथंच व्हावी. "जिते होते तवा ते इकडं नि मी तिकडं. मेल्यावर तरी एका गावात राहू दे."

आणि नेमकं याच गोष्टीवरून त्या घरात पॉलिसी आली.

आमच्या बिल्डिंगमध्ये म्हाताऱ्या आईवडलांना घेऊन राहणारी पुष्कळ घरं. कुणाच्या तरी वारलेल्या वडलांना गावी पाठवताना त्या कुटुंबाची फार धावाधाव झाली. इकडून सही, तिकडून शिक्का, व्हिसा कॅन्सल, पासपोर्ट कॅन्सल, मग पेटी, मग विमान. ते बघून सगळे घाबरले. लगेच एक विमा एजंट बिल्डिंगमध्ये फिरायला लागली. पल्लवी नावाची, नाशिकची, बोलायला गोड. अंत्यखर्चाची पॉलिसी, सिनिअर लोकांसाठी, मेडिकल नको, काही नको. निसारभाईंनी तिला रविवारी घरी बोलावलं, आणि फॉर्ममधलं इंग्रजी समजावून द्यायला मला.

खालांनी तिला शिरखुर्मा दिला आणि आधी आपलाच प्रश्न विचारला. तो त्या प्रत्येक नव्या माणसाला विचारायच्या. "बाय, तुझी माती कुठली?"

"नाशिकची," पल्लवी खुशीत म्हणाली. "काळी माती. आमच्या द्राक्षबागा आहेत."

"द्राक्षात पुरतात तुमच्यात?"

पल्लवीचा चमचा वाटीतच राहिला. मी खोकल्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं. पोरगी मात्र हुशार, सावरून घेतलं तिनं. दोन प्लॅन आहेत म्हणाली. छोट्यात इथल्या इथं सगळं. मोठा 'घरपोच'. काही बरंवाईट झालंच, तर हॉस्पिटलपासून सगळं कंपनी बघणार, विमानानं नेणार, सोबत एका माणसाचं तिकीट, आणि विमानतळापासून ॲम्ब्युलन्स थेट गावच्या दारात.

"मी काय पार्सल हाय?" खाला म्हणाल्या. "नि इथं मरायला मना पॉलिसी कशाला? मशिदीतली माणसं येतात, खांदा देतात. परक्याला पण देतात." मग जरा पुढं सरकून बसल्या. "मना दुसरी पाहिजे. मी तिकडं गावाला असताना गेले, तर मना इकडं आणणारी. ती हाय का तुझ्याकडं?"

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. मी निसारभाईंकडं. ते जमिनीकडं बघत होते.

"खाला, अशी कोणी मागितलीच नाही आजवर," पल्लवी म्हणाली. "इथून सगळे घरीच जायचं म्हणतात. आणि तिकडून इकडं... परमिशन कोण देणार? व्हिसा लागेल."

"मयताला व्हिसा?"

"लागणारच ना काहीतरी."

"जिता असला तरी व्हिसा, मेला तरी व्हिसा. मग मेल्याचा फायदा काय?"

आम्ही हसलो, अगदी खालासुद्धा हसल्या. निसारभाई हसले नाहीत. त्यांनी मोठ्या प्लॅनवर सही केली.

मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू. पल्लवी गेल्यावर मी लिफ्टपाशी त्यांना गाठलं. "निसारभाई, म्हातारीचं एवढंसं मागणं आहे. तुमच्या खिशातून काही जातंय का?" तर तो शांत माणूस माझ्यावर पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. "भाभी, मी अब्बांचं शेवटचं तोंड बघितलं नाही. मला दगड दाखवला, हा असेल नाहीतर तो असेल. उद्या कंपनी माझा व्हिसा कॅन्सल करेल, साठीला तर करेलच. मग मी गावाला, आणि माझे दोघंही इथं. त्यांना सलाम कोण करणार? मला एक तरी कबर अशी पाहिजे ना, जिथं मी चालत जाईन." त्यांचंही खरंच होतं. मी आपली घरात येऊन कुकर लावला.

खालांना हे मी सांगितलं तेव्हा त्या बांगड्या फिरवत बसल्या. म्हणाल्या, "पोरगा माझा गुणी हाय. पण त्याला सांग, आम्ही दोघं असू की. एकमेकांना करू सलाम."

तेव्हापासून पॉलिसीची त्यांना धास्तीच बसली. साधी सर्दी झाली तरी 'घरपोच' आठवायचं. मला म्हणायच्या, "मास्तरीण, माझं काय झालं तर निसारच्या आधी मशिदीत फोन कर. त्याचा पेपर निघायच्या आत मला आत टाकून टाका." मी सरळ सांगितलं, "खाला, मुलाच्या पाठीमागं असलं काही मी करणार नाही. त्यालाच पटवा." मग त्यांनी खरंच त्याला पटवायला घेतलं, पण त्यांच्या पद्धतीनं. भिंतीपाशी काच खाली करून नवऱ्याकडं गाऱ्हाणं, निसार गाडीत असतानाच. "ऐकताय ना? तुमचा लेक मना विमानात घालतोय. तुम्हीच सांगा त्याला." निसारभाई स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचे, आणि एसी सगळा बाहेर.

हिवाळ्यात खाला आजारी पडल्या. ताप छातीत उतरला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. शुद्ध हरपल्यासारखं झालं तरी हात उजवीकडं काहीतरी चाचपत होता. नर्सला वाटलं पाणी मागतायत. निसारभाईंना कळलं आणि मलाही. त्या काचेचं बटण शोधत होत्या.

बऱ्या होऊन घरी आल्या त्याच आठवड्यात निसारभाई आमच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "भाभी, ती पॉलिसी मी बंद केली. अम्मी इथंच राहील." एवढंच बोलले आणि डोळे पुसत परत गेले. खालांनी मला जेवायला बोलावलं. सांदणं, मटण, सगळं. मी नेलेल्या भाकरीला नावं ठेवत ठेवत त्या स्वतः भरपूर जेवल्या. इतकं निवांत झालेलं माणूस मी फार क्वचित बघितलंय.

आणि मग कंपनीचं मोठं कॉन्ट्रॅक्ट गेलं. निसारभाई कॅन्सल झाले. इथं हा शब्द आपण रोज वापरतो, अमका कॅन्सल होऊन गेला, तमका कॅन्सल करून चाललाय, आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. मुलाचा व्हिसा गेला की आईचाही जातो. त्यांनी दुसरी नोकरी शोधली, दुबईला खेपा घातल्या, शेवटी मुदत संपत आली. खालांनी इतके दिवस मेल्यावर तिकडं जायची भीती बाळगली होती. जिवंतपणी पाठवतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, ना आमच्या कुणाच्या.

विमानतळावर मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. निसारभाई, त्यांची बायको शबाना, आयशा सामानाच्या गाडीत पुढं गेले. भिंत आली. मी न सांगता गाडी उभी केली, काच खाली केली. मला वाटलं, आता या रडणार. तर खाला नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गावाला जाऊन येतंय. छपराचं काम काढलंय, बघायला पाहिजे. येते हां, पुढच्या ईदला, इन्शाल्ला." आणि मला म्हणाल्या, "यल्ला, चल." छपराचं काम वगैरे काही नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी एकटीच बाजाराला निघाले आणि भिंत आल्यावर माझं बोट आपोआप बटणावर गेलं. गरम हवा भसकन आत आली. काय बोलावं कळेना. घरी येऊन खालांना विचारलं, माझा सलाम चालतो का? इथं इंटरनेटवरून कॉल लागत नाही, पण व्हॉइस मेसेज जातात. त्यांचा लगेच आला, "सलाम म्हणजे सुखी राहा. तू सुखी राहा म्हणालीस तर ते काय नको म्हणतील? येडी." मग त्यांनीच युक्ती काढली. दर गुरुवारी दोन मेसेज यायला लागले. पहिला माझा. दुसरा 'त्यांचा'. त्यांचा मी आधी ऐकायचा नाही, तसं बजावलं होतं. शुक्रवारी भिंतीपाशी काच खाली करून फोन बाहेर धरायचा आणि लावायचा. आमचे हे म्हणाले, "अगं, पोलीस विचारतील काय चाललंय म्हणून." विचारू देत, म्हटलं. सांगेन, कॅसेट आलीय.

त्या मेसेजमध्ये मागं कायम गलका असायचा. मिक्सर, कोंबड्या, कुणीतरी कुणाला हाक मारतंय. नणंदेच्या घरात राहत होत्या, माणसांनी भरलेलं घर. खाला माझ्याकडं कुरकुर करायच्या, "सगळी कान लावून बसतात गो. बोलायचं ते बोलता येत नाय."

ईद आली आणि गेली. पावसाळ्यात छातीचं दुखणं परत उलटलं, आणि एका शुक्रवारी सकाळी मी शाळेत असताना निसारभाईंचा मेसेज आला. अम्मीचा इंतकाल झाला. दुपारी माती. स्टाफरूममध्ये मी भर सगळ्यांसमोर रडले. तिथल्या बाईंनी विचारलं, कोण होत्या तुमच्या? शेजारीण म्हटलं तर कुणाला पटेना. निसारभाईंना जशी हवी होती तशी कबर मिळाली. घरापासून चालत जाता येतं. त्यांना मी दोष देत नाही, कुणालाच देत नाही. पण त्या दिवशी दुपारी तिकडं खांदा दिला जात असेल, आणि इकडं त्या भिंतीआड ते, हे मनातून जाईना. पुन्हा ते इकडं आणि त्या तिकडं. तसंच्या तसं.

पल्लवी अजून येते. आमचीही वयं झाली, ह्यांनी प्लॅन मागवून घेतलाय. फॉर्मवर एक रकाना आहे, कुठं न्यायचं. हे पटकन कराड म्हणाले. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, आधी सांगा, काच कोण खाली करणार? पल्लवीला वाटलं मी चेष्टा करते. तो रकाना अजून रिकामा आहे.

पण मी त्या शुक्रवारचं सांगत होते. शाळा सुटल्यावर मी भिंतीपाशी गेले. काच खाली केली. त्यांना खबर द्यायला दुसरं कोण होतं? शब्दसुद्धा जुळवून गेले होते. फोन हातात घेतला, तर गुरुवारचा मेसेज तसाच पडलेला. त्यांचा. मी हात बाहेर काढून लावला.

"अस्सलामु अलैकुम, निसारचे अब्बा. मी बरी हाय. निसारनं रत्नागिरीत दुकान बघितलंय. आयशा आता मराठीत भांडते. पाऊस लई हाय इकडं." मागून नणंदेचा आवाज आला, "कोणाशी बोलतेस गो?" खाला म्हणाल्या, "कोणाशी नाय." मग खोकल्या. आणि मग, "येते हां. पुढच्या ईदला. इन्शाल्ला."

निसारभाई म्हणतात, छातीत कफ भरला होता, शेवटी शेवटी खोकला थांबतच नव्हता. असेल. पण त्या सबंध मेसेजमध्ये खाला एकदाच खोकल्या, नणंदेनं विचारल्यावर.

खबर मी दिली नाही. हात बाहेरच ठेवला आणि मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला.